चालीवर पाठ केलेले प्रोग्रॅम

ब्राह्मीला काहीही पाठ व्हायचं. मिरजेजवळच्या तिच्या गावात दर रविवारी जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, पाठशाळा भरायची. तिथं आक्काताई मुलांना स्तोत्रं शिकवायच्या. कुणी अर्थ विचारला की म्हणायच्या, "आदी तोंडात बसू दे, अर्थ मागनं येतोय." सहाव्या वर्षी ब्राह्मी अख्खं स्तोत्र न अडखळता म्हणायची. पोरीचं डोकं लय तल्लख, असं गाव म्हणायचं आणि ते ऐकायला तिचे वडील आदगोंडा मुद्दाम पारावर जाऊन बसायचे.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आल्यावर पहिल्याच महिन्यात तिला काही कळेना. कळत नाही हे सांगायची वेळ आजवर तिच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे ते कसं सांगतात हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं आपला ओळखीचा रस्ता धरला. कंस, स्वल्पविराम, अर्धविराम यांच्यासकट प्रोग्रॅम चालीवर पाठ केले. परीक्षेत फिरून फिरून तेच दहा-बारा प्रोग्रॅम यायचे. बाई वर्गात पहिली! गावच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर आदगोंडांचाही फोटो होता, लेकीपेक्षा अंमळ मोठाच.

तिथंच ती अडकली. दुसऱ्या वर्षीही पहिली आली. अडलेली मुलं तिच्याकडे यायची, ती वही पुढं करायची आणि कुणी काही विचारायच्या आत पाणी प्यायला उठायची. मागच्या बाकावरचा साईराज दोन विषयांत नापास झालेला. तो तासन्‌तास एकच चूक शोधत बसायचा आणि सापडली की एकटाच हसायचा. ब्राह्मीला त्याचा मनापासून हेवा वाटायचा. त्याला चुकायची मुभा होती.

तिसऱ्या वर्षी पुण्याची एक कंपनी परीक्षा घ्यायला आली. ब्राह्मीला आकडे क्रमानं लावायचा प्रोग्रॅम पाठ होता. प्रश्नात मात्र नावं होती, आणि ती लांबीप्रमाणे लावायची होती. ती तासभर पडद्याकडे बघत बसली आणि शेवटी आकड्यांचाच प्रोग्रॅम लिहून आली. साईराजची निवड झाली. तिची झाली नाही.

"तुला बरं नव्हतं ना त्या दिवशी?" प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या माने सरांनी विचारलं. तिनं हो म्हणून मान हलवली.

"कंपनीचंच नशीब फुटकं, बाळ," आदगोंडा फोनवर म्हणाले. "दुसरी येतीय की."

कुणी रागावलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं माने सरांनी तिला पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायला उभं केलं. विषय होता, अभ्यासात यश कसं मिळवावं. ब्राह्मीनं मनाशी ठरवलं, आज खरं सांगून टाकायचं. एकदा सगळ्यांना कळलं की लाज धरायचं कारण उरणार नाही. साईराजसमोर बसून पहिल्यापासून शिकता येईल. अजून एक वर्ष हातात होतं.

"मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही," ती म्हणाली. "मी सगळे पाठ केलेत. कळलं काहीच नाही."

मग माने सर मोठ्यानं हसले. "बघा, पहिली येऊनही किती विनय!" मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ब्राह्मी पुन्हा बोलायला गेली, तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. जतची रेश्मा. तिचे डोळे भरले होते.

"ताई, मलाबी कायच कळंना झालंय. घरी सांगायची सोय न्हाई. पाठ करायचं तर किती येळा वाचायचं वो?"

साठ जणांनी वह्या उघडल्या. पाठ करू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. ते ब्राह्मीच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण तिच्या तोंडाला उत्तर द्यायची सवय लागली होती आणि माने सर कौतुकानं बघत होते.

"अकरा वेळा," ती म्हणाली. "बाराव्यांदा न बघता लिहायचं."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.