बान्सेच्या वाट्याच्या शिव्या

बान्सेचं इस्त्रीचं दुकान आणि माझी खानावळ यांच्यामध्ये फक्त एक पत्रा होता, तोही गंजलेला. त्याच्या कोळशाचा धूर माझ्या भातात यायचा आणि माझ्या मासळीचा वास त्याच्या शर्टांना लागायचा. आमच्या पोर-जांती शहरातले तेलकंपनीचे निम्मे साहेब तो वास अंगावर घेऊन कचेरीत बसत असणार. धुरावरून मी भांडायला जायचे, पण तो भांडायचाच नाही. "बरं ताई," म्हणायचा आणि इस्त्री फिरवत राहायचा. माझं तोंड सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. असल्या माणसाचा शेजार म्हणजे मला शिक्षाच होती.

मी टोगोची, तो बुर्किनाचा. गॅबॉनमध्ये दोघंही परकीच. पोलीस कागद बघायला आले की एकाच रांगेत उभी राहायचो. पण माझी मुलं इथं वाढली, नवरा इथल्याच मातीत गेला, चर्चमधल्या बायका हक्कानं उसनं मागायला येतात. बान्सेला कुणी नव्हतं. बायको गावी. तो बिसा जमातीचा, आणि त्याची भाषा बोलणारं या शहरात दुसरं कुणी नव्हतं. ती तो रविवारी फोनवर बोलायचा, आणि फोनवरची भाषा सगळी तब्येतपाण्यातच संपते. त्याच्या देशाची इतर माणसं होती, त्यांची मंडळीही होती, झोंगो नावाचा म्हातारा तिचा प्रमुख. बान्से वर्गणी द्यायचा, सणाला जायचा, एका कोपऱ्यात बसून परत यायचा.

रोज संध्याकाळी तो मूठभर भाजके शेंगदाणे घेऊन दुकानाच्या पायरीवर बसे. एकदा मी सहज म्हटलं, "काय रे शेंगदाणेखाऊ, जेवायला ये की." तो ताडकन उठला आणि पत्र्याला वळसा घालून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"तू गुरुन्सी आहेस?"

मी म्हटलं, मी एवे जमातीची, माझ्या सात पिढ्या एवे. त्याचा चेहरा पडला. मग त्यानं सांगितलं. त्याच्या देशात बिसा आणि गुरुन्सी या दोन जमातींचं आजापणजापासून शिव्यांचं नातं आहे. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं. गुरुन्सी बिसांना शेंगदाण्यांवरून छळणार, बिसा त्यांना कुत्र्याच्या मटणावरून. रागावेल तो चुकला. आणि बिसा मेला की तिरडीची वाट गुरुन्सी अडवतो. प्रेतावर शेंगदाणे फेकतो, ऊठ म्हणतो, नाही नाही ते बोलतो. त्याची समजूत घातल्याशिवाय प्रेत हलत नाही.

"इथं गुरुन्सी एकही नाही. मी मेलो तर सगळे चांगलंच बोलतील, ताई," तो म्हणाला. "परक्या माणसाबद्दल बोलतात तसं."

मी म्हटलं, एवढंच ना, शिव्या मी देते, माझ्याकडे काय तोटा आहे? तो हसला.

"तुझी शिवी लागते. आपलं नातं नाही ना."

मला राग आला. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवतोय आणि म्हणे नातं नाही. त्या दिवशी मी त्याला मासळीचा शेपटाकडचा तुकडा वाढला.

पुढे बंदरावर टाक्यांचं काम निघालं आणि वेल्डर आले. त्यातला एक, उंच, काळा कुळकुळीत, दुपारी माझ्याकडे जेवायला बसला. हात धुताना त्याची नजर शेजारच्या पाटीवर गेली, 'बान्से, इस्त्री'. नावावरूनच त्यानं बिसा ओळखला असणार. जेवण टाकून तो तिकडे गेला आणि ओरडला, "ए गुलामा! मालक दारात आला तरी उभा राहत नाहीस? का तोंडात शेंगदाणे भरलेत?"

मी पळी घेऊनच धावले. माझ्या शेजाऱ्याला बोलायचं तर ते मीच बोलणार. जाऊन बघते तर बान्से इस्त्री तशीच शर्टावर ठेवून कमरेवर हात देऊन उभा. "कुत्रेखाऊ, आधी दातात अडकलेलं शेपूट काढ, मग बोल." शर्टातून धूर निघत होता, आणि हे दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडेपर्यंत हसत होते. त्याच्या हातून जळालेला तो एकच शर्ट. साहेबाची बोलणीही त्यानं हसत खाल्ली.

तो बासोले, गुरुन्सी. मग रोज दुपारी तो यायचा आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी शिव्या चालायच्या. शांत बान्सेच्या पोटात एवढं भरलेलं होतं हे मला काय माहीत! गिऱ्हाईकं ऐकायला म्हणून जास्त भात मागायची. बान्से अंगानंही भरला.

एक दिवस बासोले जेवता जेवता सगळ्यांदेखत म्हणाला, "ही आकोसिवा माझी बायको. म्हणजे तुझी मालकीण, कळलं का रे? मी नसलो की शिव्या ही देईल."

लोक हसले. मी पळी आपटली. मी विधवा बाई, चर्चला जाणारी, असली मस्करी मला चालायची नाही, असं त्याला सुनावलं. बान्से मात्र हसत नव्हता.

"ताई, हो म्हण ना," तो हळूच म्हणाला. "मस्करीतच."

मी ताटं उचलून आत निघून गेले.

टाक्या बांधून झाल्या आणि बासोले दुसऱ्या देशात दुसऱ्या कामावर गेला. सुरुवातीला त्याचा फोन यायचा. बान्से इस्त्री बाजूला ठेवून ओरडून शिव्या द्यायचा आणि सगळी गल्ली ऐकायची. मग फोन कमी झाले, मग नंबरच लागेना. तरी तो रोज दुपारी जेवणाच्या वेळी लावून बघायचा. पत्र्यापलीकडून पुन्हा "बरं ताई" ऐकू येऊ लागलं, आणि मला धुरावरून भांडायची इच्छाच उरली नाही. त्या पायरीवर एकट्यानं शेंगदाणे सोलणाऱ्या माणसाकडे बघवत नसे.

पावसाळ्यात त्याला ताप आला, मग डोळे पिवळे झाले. इस्पितळात नेलं, पण काविळीनं ऐकलं नाही. शुद्धीवर होता तोवर माझ्याकडे बघायचा, मागत काहीच नव्हता. मी बासोलेला फोन लावत होते. तो लागला नाही.

झोंगो म्हाताऱ्याच्या मंडळीनं सगळं रीतसर केलं. दुकानापुढे नमाज झाला. इमाम बोलले, माणूस शांत होता, कुणाच्या अध्यात नव्हता, कुणाला उलट शब्द बोलला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मला ते ऐकवेना. पोरांनी तिरडी उचलली तशी मी आत गेले, शेंगदाण्यांची टोपली घेतली आणि वाटेत जाऊन उभी राहिले.

"ए शेंगदाणेखाऊ!" मी ओरडले. "फुकट झोपायला मिळालं म्हणून आडवा झालास होय? मालकाचे कपडे कोण इस्त्री करणार? ऊठ, गुलामा!" आणि मूठभर शेंगदाणे तिरडीवर फेकले.

पोरं मला बाजूला ओढायला धावली. ही कोण बाई, इमामांनी विचारलं.

"बासोलेची बायको," मी म्हटलं. "गुरुन्सींची सून. हा आमचा गुलाम आहे, मी सोडल्याशिवाय जायचा नाही."

गल्लीतल्या चर्चच्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. बघोत. झोंगो म्हाताऱ्यानं हात वर करून पोरांना थांबवलं. तो पुढे आला आणि रीतीप्रमाणे वाकून बोलला.

"सूनबाई, काय दिलं म्हणजे वाट सोडशील?"

यापुढचं मला बान्सेनं सांगितलं नव्हतं. काय मागायचं असतं मला ठाऊक नव्हतं. जे मनात होतं तेच बोलले.

"त्याला उठून मला एक शिवी द्यायला सांगा."

म्हातारा तिरडीकडे वळला. त्यानं वाट पाहिली, सगळ्यांनीच पाहिली. मग त्यानं खिशातून कोलाचं एक बी, आमच्याकडे मानाचं म्हणून देतात ते, काढून माझ्या हातावर ठेवलं, आणि मी बाजूला झाले.