कपाटातलं बोचकं

मी नर्स आहे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली. माणसं डोळ्यांदेखत गेलेली पाहिली, पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात बसून डबा खाल्ला... कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. त्यात आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची, यांतलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणूनच वाचायचे. त्यामुळे स्वतःचा लिहायला इतकी वर्षं गेली.

हिंगोली वेगळा जिल्हा व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वसमतला माझं दोन खोल्यांचं नवं घर झालं होतं. मी लग्न केलं नव्हतं, आई गेलेली. घरात मी आणि बाबा. बाबा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर गेट उघडझाप करायच्या नोकरीतून रिटायर झालेले, बोलायला कमी पण डोक्याने एकदम तल्लख. तेव्हा जो तो लोखंडी कपाट घ्यायचा. मला मात्र जुनं, लाकडी हवं होतं.

हिंगोलीत जुन्या फर्निचरचा धंदा करणारे एक चाचा होते. त्यांच्या गोदामात तीन कपाटं होती. एकाला वाळवी लागलेली. दुसरं छोटं, शिसवी. ते बाबांना पसंत पडलं. तिसरं निजामाच्या काळातलं सागवानी. उंच, दोन दारांचं, पितळी कड्या आणि आत पाच खण. मी त्याच्यापुढून हलेचना.

"असली सागवान है बाईजी," चाचा म्हणाले. "ऐसा माल अब मिलता नै."

बाबांनी दार दोनदा उघडून लावलं, आत हात फिरवला. "पोरी, आपून दोन माणसं. एवढं मोठं काहून पाहिजे? ते लहान बराबर हाय."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून कपाट घरी आणलं.

आठवडाभराने दुपारी ड्यूटीवरून आले, साडी काढायला कपाट उघडलं, तर खालच्या खणात बोचकं. माझ्या दोन साड्या, बाबांचं एक धोतर, टॉवेल — सगळं एका चादरीत घालून चारी टोकं आवळून बांधलेलं. मला वाटलं, बाबांनी धुवायला काढलं असेल. विचारलं, तर म्हणाले, "मी काहून बांधू?"

विषय तिथेच संपला. चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी कपड्यांत कंगवा होता, रेशनकार्ड होतं, बाबांची बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती. गाठ इतकी घट्ट की मला दातांनी सोडवावी लागली. तिसऱ्या वेळी वरती फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकरी होत्या... सकाळी मीच थापलेल्या, स्वयंपाकघरातल्या दुरडीतल्या!

भाकरी पाहून मात्र मी एकेक वस्तू जमिनीवर मांडून पाहिली. आता ते धुण्याचं बोचकं राहिलं नव्हतं. घाईने घर सोडून निघालेला माणूस जे जे घेईल, ते ते त्यात होतं.

घरात दिवसभर बाबा एकटे. मी बोलले नाही, पण माझी नजर त्यांना कळली असणार. त्यांनी घरात बसणंच सोडलं. मी ड्यूटीवर निघाले की तेही बाहेर पायरीवर येऊन बसायचे, उन्हातसुद्धा. पाणी प्यायला आत जायचे आणि घाईने बाहेर यायचे. एका जागी पाच मिनिटं ठरायचे नाहीत. मलाही दवाखान्यात चैन पडेना. इंजेक्शन भरता भरता मनात यायचं, आज काय बांधलं असेल?

एकदा जेवताना त्यांनी हात थांबवला.

"पोरी, खरं सांग. मीच बांधून राहिलो असन का? मला याद राहत नसन..."

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. त्याची लाज अजून वाटते.

नांदेडहून माझा थोरला भाऊ आला. त्याला आम्ही दादा म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेतलं. "वय झालं की होतं असं. मी त्यांना नांदेडला नेतो, डोक्याच्या डॉक्टरला दाखवतो. गोळ्या चालू करू. उद्या बोचकं घेऊन खरंच कुठे निघून गेले तर?" बाबांनी पायरीवरून ऐकलं. ते उठले, टोपी झटकली आणि पुन्हा बसले.

मी म्हणाले, "एक दिवस दे मला. मग ने."

रविवारी सकाळी दादाने स्वतःच्या हाताने खालच्या खणातल्या कपड्यांच्या घड्या लावल्या. खिडक्यांच्या आतल्या कड्या त्यानेच लावल्या. बाजारातून नवं कुलूप आणून दाराला घातलं आणि किल्ल्या आपल्या खिशात ठेवल्या. मग आम्ही तिघं जीपने सिद्धेश्वरला गेलो. बाबा धरणाच्या भिंतीवर उभे राहून जुनी गेटं दाखवत होते, पण निम्मं वाक्य बोलून थांबायचे आणि विचारायचे, "किती वाजले?" दर थोड्या वेळाने तेच.

चारच्या सुमारास परत आलो. कुलूप जसंच्या तसं. दादाने उघडलं, सरळ कपाटाकडे गेला.

खालच्या खणात बोचकं होतं.

त्याने सोडलं. कपडे, माझी औषधांची पिशवी, आगपेटी... आणि सगळ्यात आत दादाचा निळा शर्ट. आदल्या दिवशी घालून आला तो. सकाळी खुंटीला अडकवलेला आम्ही तिघांनी पाहिला होता. दादाने खिशातून किल्ल्या काढून मोजल्या.

बाबा दारात उभे होते. त्यांना भीती वाटल्याचं काही दिसत नव्हतं. ते भरल्या डोळ्यांनी एवढंच म्हणाले, "मंजी मी न्हाई ना? मी न्हाई!"

दुसऱ्याच दिवशी मी हिंगोलीला चाचांकडे गेले. कपाट कुठून आलं, विचारलं. ते कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याचं होतं. पुढच्या सुट्टीला मी आणि बाबा तिथे गेलो. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातली होती. घरची म्हातारी, सगळे तिला काकू म्हणत, हळद वरखाली करत होती. कपाटाचं नाव काढताच तिचा हात थांबला.

"काय झालं त्या कपाटाला?"

मी बोचक्याचं सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "घरात सून हाय का तुमच्या?"

"नाही. आम्ही दोघंच."

मग तिने सांगितलं. मुलाच्या लग्नात त्यांनी ते कपाट कुठूनसं जुनंच घेतलं होतं. सून आली, रुक्मिणी. महिन्याभरात कपाटात बोचकी निघायला लागली. सून रोज रडून सांगायची, मी बांधलं नाही. कोणाला पटणार? पोरीला नांदायचं नाही, पळून जायची तयारी करते, असं ठरलं. वर्षाच्या आत माहेरी धाडली. पोराचं दुसरं लग्न झालं. कपाट नजरेसमोर नको म्हणून रिकामं करून मागच्या खोलीत टाकलं, पुढे विकलं. रिकाम्या कपाटात कधी काही झालं नाही.

"आमच्या घराला कुलूप होतं, काकू," मी म्हणाले.

"कुलूप व्हतं?"

"होय."

"अन् घरात कोणीच न्हाई?"

"तिघंही सिद्धेश्वरला."

तिने तिसऱ्यांदा तेच विचारलं. बाबांनी उत्तर दिलं, "बाई, किल्ली माझ्या पोराच्या खिशात व्हती." म्हातारी हळदीतच खाली बसली. म्हणाली, "मंग ती खरं बोलून राहिली व्हती."

आठ दिवसांनी ती माझ्या दवाखान्यात आली. "माझ्यासंगं चल. मी सांगून तिला पटणार न्हाई." रुक्मिणीचं माहेर सेनगावच्या पलीकडे. आम्ही गेलो तेव्हा ती दारात मशीनवर ब्लाउज शिवत होती. पस्तिशीची असेल. काकूंना पाहून उठली, पाणी दिलं, पदर नीट केला. मी सगळं सांगितलं. काकू हात जोडायला लागल्या, तशी तिने ते हात धरून खाली केले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तवा एक डाव तरी कुलूप लावून पाहायचं व्हतं."

मग ती मशीनवर बसली आणि शिवायला लागली.

कपाट मी विकलं नाही. विकून कोणाच्या घरी पाठवू? ते मागच्या खोलीत रिकामं उभं आहे. ती बोचकी कोण बांधत होतं, कशाच्या घाईने, कुठे निघण्यासाठी... दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, आमच्या भंतेजींना विचारलं. अजून कळलेलं नाही.