बोर्ड शिकवणारे सर

फळ्याच्या लाकडी चौकटीवर बोटांनी दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "आधी फळी, मग बाकी सगळं." आमचे इंग्रजीचे सर प्रत्येक नव्या वर्गाचा पहिला तास असाच सुरू करत. शेवगावजवळच्या आमच्या हायस्कुलाच्या भिंती पातळ, त्यामुळे शेजारी गणित शिकवताना मलाही तो तास दरवर्षी ऐकावा लागे.

त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. मुलांनी आपल्याला ठाऊक असलेले बोर्ड सांगायचे. लाईटचा बोर्ड, एसटीचा बोर्ड, दुकानाचा बोर्ड, दहावीचं बोर्ड. मग सर सांगत, की जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे नुसती फळी. फळीभोवती माणसं जेवायला बसली, तिचं टेबल झालं. पुढे त्यावरच्या जेवणालाही लोक बोर्डच म्हणू लागले. कारभारी मंडळी त्याच टेबलाशी बसून निर्णय घ्यायला लागली, तेव्हा त्या मंडळींचंही बोर्ड झालं. "तेच तुम्हाला मार्चात रडवतं," हे वाक्य ठरलेलं.

बोर्डिंगची गोष्ट आली की मात्र आवाज उतरायचा. सर स्वतः बोर्डिंगात राहून शिकलेले. टेबलावरच्या जेवणावरून जिचं नाव पडलं, त्या जागेत टेबल कधी नव्हतंच. फरशीवर पंगत, भाकरी आणि पातळ आमटी. एवढं सांगून ते उगाच खडू शोधायला लागत.

आम्ही बाकीचे निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरून पार कंटाळलेले. सर, तुम्ही थकत नाही का, असं मी एकदा विचारलं. "थकतो की, बाई. म्हणून तर पहिल्याच दिवशी सांगून टाकतो."

मे महिन्यात आम्ही शिक्षक वस्त्यांवर मुलं गोळा करत फिरतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवला जातो. त्या वर्षी पाळी सरांची होती. निवृत्ती जवळ आलेली, घरी बायको आजारी. पाचवीला एकच मूल कमी पडत होतं, म्हणून मी त्यांना स्कूटरवर घालून एका वस्तीवर नेलं.

तिथं पाचवीत जाणाऱ्या एका मुलीची आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. बाकीचे शिक्षक दप्तर नाहीतर सायकल कबूल करतात. सरांनी बोर्डाची गोष्ट सांगितली. पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती आणि आईचेही हात थांबले होते. काम झालं, असं मला वाटलं.

तेवढ्यात आईनं विचारलं, "सर, तुमच्या घरची पोरं कुठल्या शाळेत हायेत?"

मी डोळ्यांनी खुणावत होते. सरांनी पाहिलं नाही.

"नात इंग्लिश मीडियमला आहे. नगरला, सावेडीत."

"मग माझीच पोरगी तुमच्याकडं का घालू?"

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले आणि उठले.

परतताना मी खूप चिडले. नातीचं सांगायची काय गरज होती, असं विचारलं. ते म्हणाले, खोटं बोलून मुलगी वर्गात आणली असती, तर वर्षभर तिच्याकडे कसं बघितलं असतं? आपण दमलो की आधी खऱ्यालाच रजा देतो, आणि हा माणूस तेवढं मात्र करत नव्हता.

सर अतिरिक्त ठरले. पुढच्या उन्हाळ्यात अकोला शहरात नव्हे, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या शाळेत गेले. निरोपाचा चहा झाला, शाल दिली, इतकंच.

त्याच जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ती वस्तीवरची बाई मुलीचा हात धरून आली. वर्षभर घातलेल्या इंग्लिश मीडियममधून काढून आणली होती.

"तिथं नुसतं पाठ करून घेत्यात. काही ईचारलं की गप बस म्हनत्यात," ती म्हणाली. "ते सर आपल्या तोट्याचं असून खरं बोल्ले. हिला त्यांच्याच वर्गात बसवा."

सर गेल्याचं मी सांगितलं. तिनं हळूच विचारलं, की आता इंग्रजी कोण शिकवतं?

गणिताच्या जोडीला माझ्याकडेच आलं होतं ते. मी म्हटलं, अजून ठरायचंय.