थप्पी

खामगावच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठींची थप्पी उकंडरावच लावी. वरच्या थरावर तो असला, की खालचे हमाल निर्धास्त असत. अलीकडे मात्र त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. हे फक्त त्याच्या बायकोला, वच्छलाबाईला ठाऊक होतं. मुकादमाला कळलं तर वरची जागा गेली.

मुकादम म्हणजे तिचाच भाऊ, हिंमतराव. रविवारी तो आला आणि उकंडरावाच्या लेकीने, रुख्मिणीने, खेळ मांडला. गोल बुडाच्या ठोकळ्यावर डुलणारी फळी. तिच्यावर एकेकाने लाकडी गुटके रचायचे. ज्याच्या हातून कोसळतील तो हरला.

"थप्पीवाल्याले कायचं भेव! ठेवा, भाऊजी," हिंमतराव म्हणाला.

उकंडरावाने कोपर मांडीला टेकवलं, श्वास रोखला. फळी कलली. वच्छलाबाईने पदर मुठीत आवळला. फळी सावरली, गुटका बसला.

"हात हाय का लोखंड!" हिंमतराव हसला.

चहा आला. उकंडरावाने कप दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला. हिंमतरावाचं हसू थांबलं.

"भाऊजी, बशी काऊन सोडली? जलमात तुमी कपानं चहा पेले नाई."

"त्यायले गरमच लागते आता," वच्छलाबाई घाईने म्हणाली.

"तुले नाई विचारलं, बाई."

उकंडरावाने बशी ओढली, चहा ओतला, एका हाताने उचलली. चहा हिंदकळून त्याच्या मनगटावरून फळीवर ओघळला.

"उद्यापासून वर दुसरा चढव," उकंडराव म्हणाला. "खाली मानसं रायतात."