कडेची गोटी आधी

फिलोमिना गेल्याची बातमी कैतानने आणली. पाऊस थांबला होता, पण दिवस उजाडल्यासारखा वाटत नव्हता. अंगणाच्या गडग्याबाहेर तो ओल्या अंगाने उभा होता. आत ये म्हटलं तरी येईना. कैतान म्हणजे तिचा सख्खा दीर. "वयनी गेली, बाय," एवढं बोलून तो थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता लोक परत ताच म्हणतले..."

काय म्हणतील, ते मला ठाऊक होतं.

फिलू आणि मी मसुऱ्याला एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी मराठी. मालवणहून एकाच एसटीने जायचो, एका डब्यात जेवायचो. तिचा नवरा पास्कू आणि कैतान, दोघे भाऊ मिळून होडी चालवत. एका पावसाळ्याच्या शेवटी समुद्रात वारा फिरला आणि होडी उलटली. कैतान पोहत काठाला लागला. पास्कू लागला नाही. दोन दिवसांनी त्याला सुरूच्या बनाजवळ लाटांनी आणून टाकलं. दफनाच्या दिवशी सगळ्या वाडीसमोर फिलू दिराला म्हणाली, "भावाक खाल्लंस तू." आवाज चढवला नव्हता तिने. शाळेत उत्तर सांगावं तसं सांगितलं. कैतान त्याच संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी असलेल्या खोपटात राहायला गेला. फिलूने तो शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही, पण वाडीने तो उचलला. कैतान बाजारात दिसला की बायका मुलांना आत बोलावून घेत.

निवृत्तीनंतर फिलू रविवारी मिस्सा आटोपली की चर्चमधल्या पोरांना घरी बोलवायची. धर्माची शिकवण द्यायची, तीही तिच्या पद्धतीने. जेवणाच्या टेबलावर लाकडाचा गोल पाट मांडायची. पाटाला खळगे, प्रत्येक खळग्यात एक गोटी, फक्त मधला खळगा रिकामा. एका गोटीने शेजारच्या गोटीवरून उडी मारून रिकाम्या जागेत बसायचं आणि जिच्यावरून उडी मारली ती उचलून घ्यायची. असं करत शेवटी एकच गोटी, तीही मधोमध उरली की कोडं सुटलं. पोरं घाई करत. मधल्या गोट्या पटापट उडवत आणि शेवटी कडेला दोन-तीन गोट्या एकमेकींपासून लांब अडकून पडत.

"आता ह्या गोटयेक कोण सोडवतलो?" फिलू विचारायची. "तिच्या बाजूक कोणूच नाय. एकटी गोटी खंय जावक शकता? म्हणून कडेची आधी बगायची. क्रिस्तांव म्हणून जगणा म्हणजे ह्याच, पोरांनो. जो कडेक पडलो, तेच्या बाजूक जावन बसा." मग हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची. मी पडवीत भाजी निवडत ऐकायची. एकदा पोरं गेल्यावर राहवलं नाही म्हणून विचारलं, "फिलू, कैतानाच्या बाजूक कोण बसता गो?"

तिने गोट्या डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि आत निघून गेली. पुढचे काही रविवार पोरं आली, गाणी म्हणून गेली. पाट काही निघाला नाही.

यंदा समुद्राचं लक्षण ठीक नव्हतं. जूनपासून प्रत्येक उधाणाला किनाऱ्याची रेती तुटत होती. सुरूची झाडं मुळांसकट आडवी होत होती आणि कैतानचं खोपटं त्या झाडांच्याच मागे. फिलू तिकडे जात नसे, नाव घेत नसे. पण मासे घेऊन येणाऱ्या बाईला दारात थांबवून विचारायची, "सुरूची झाडा किती ऱ्हवली गो?" कधी ती म्हणायची आठ, कधी पाच. शेवटी एकदा म्हणाली, "आता बगूक जावक नको, बाय. पाणी थेट दारात येता." फिलूने मासे न घेताच दार लावलं.

अमावास्येच्या उधाणाच्या दिवशी सकाळपासून भोंगा लावून गाडी फिरत होती. खाडीकाठच्या लोकांना घरं सोडा म्हणून सांगत होती. सगळे आले, कैतान आला नाही. दुपारी फिलू छत्री आणि काठी घेऊन माझ्या दारात उभी. "मी तेका हाडूक जातंय."

"फिलू, तुका गुडघ्याचा दुखणा. कोणाक तरी पाठव."

"कोण जायत तेका हाडूक? तेच्या बाजूक जावक नको, ता मीयाच शिकवलंय तेंका."

मी बांधापर्यंत तिच्यासोबत गेले. पुढे पाणी होतं, काळं, कुजकट वासाचं. त्यातून मेलेल्या घुशी, नारळाच्या झावळ्या वाहत येत होत्या. छत्री माझ्या हातात देऊन ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मला तिची पाठ दिसत होती आणि खोपटाच्या दारात बसलेला कैतान. दोघं काय बोलली ते त्यानेच मागाहून सांगितलं.

"कशाक इलंस?" तो म्हणाला. "भावाक खाल्लेल्या माणसाक घेवन जातलंस?"

"तो शब्द माजो. सगळ्यांसमोर टाकलेलो. आज परत घेवक इलंय."

"आता परत घेवन काय उपयोग?"

"तू चल. नायतर मीव हयच बसतंय." आणि ती खरोखर त्याच्या शेजारी उंबऱ्यावर, पाण्यात बसली.

बराच वेळ दोघं तशीच होती. मी बांधावरून हाका मारत होते, वारा हाका मागे फेकत होता. मग कैतान उठला आणि त्याने तिला हाताला धरून उठवलं. ती दोघं बांधाला लागली तेव्हा खोपटाची एक भिंत बसली होती. दुसऱ्या सकाळी तिथे नुसतं पाणी होतं.

कैतान फिलूच्या घरी राहिला. ती त्याला वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा. आठवडा झाला असेल, तिला ताप भरला. टाचेला भेग होती, त्यात ते पाणी गेलेलं. आधी भिजण्याचा ताप म्हणून काढा घेतला. मग डोळे लाल झाले, लघवी अडली. जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी लेप्टो सांगितला, उंदीर-घुशींनी नासवलेल्या पाण्यातून होणारा ताप. मी भेटायला गेले तेव्हा तिची कातडी हळदीसारखी पिवळी पडली होती. माझं मनगट धरून म्हणाली, "शालन, तो परत खाडीर जायत. जावक देव नको." तेच शेवटचं.

दफनाला माणसं खूप आली. परतताना माझ्या मागे दोघी हळू आवाजात बोलत होत्या... "आधी भावाक खाल्ल्यान, आता वयनीक." पुढे चालणाऱ्या कैतानला ते ऐकू गेलं. त्याचं पाऊल क्षणभर अडखळलं, एवढंच.

फिलू गेल्याला महिना झाला, तेव्हाच्या मिस्सेला मी गेले. इतकी वर्षं शेजार, पण मी हिंदू. चर्चमध्ये आत बसायचा प्रसंग आला नव्हता. कैतान दाराजवळच्या शेवटच्या बाकावर होता. पायाशी एक गाठोडं, मिस्सा झाली की परत खाडीवर निघायचं असल्यासारखं. पुढचे बाक दाटीवाटीने भरलेले, त्याचा बाक पूर्ण रिकामा. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि समुद्राची गाज आतपर्यंत येत होती.

मी चप्पल दाराशी काढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोन-चार माना वळल्या.

"बाय, लोक बगतत," तो पुटपुटला.

"बगांदेत. गाठोडा उचल, माका पाय ठेवक जागा नाय."

त्याने गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. मी हात पुढे केला. थोडा वेळ त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं... मग माझ्याकडे दिलं.