चाटूनपुसून आलेला डबा

रोज संध्याकाळी हे कामावरून आले की मी आधी डबा उघडून बघायचे आणि मग यांच्या तोंडाकडे. डबा चाटूनपुसून आलेला असला की माझा दिवस सार्थकी लागायचा. आणि तो रोजच तसा यायचा. भाकरीचा तुकडा नाही, भाजीचा देठ नाही, चटणीच्या डबीत बोट फिरवल्याची खूण तेवढी. एवढा गुणी पेशंट सगळ्या नाशकात शोधून सापडायचा नाही, असं मी माहेरी फोनवर सांगायचे.

पेशंट म्हणायचं कारण यांची साखर. सातपूरच्या एका कारखान्यात हे स्टोअर्स सांभाळायचे. दिवसभर फरशीवर उभं राहायचं, पायात ते जड सेफ्टी बूट. बुटाने उजव्या अंगठ्याला एक फोड आला आणि तो काही केल्या भरेना. डॉक्टरांनी पट्टी बदलता बदलता माझ्याकडे बघून सांगितलं, "साखर उतरली तर अंगठा राहील. नाही उतरली तर अंगठ्यावरच थांबेल असं मी सांगू शकत नाही." यांनी तेव्हा पंख्याकडे नजर लावली होती. शेजारच्या कुणाच्या तरी पायाबद्दल बोलणं चाललंय असा चेहरा.

त्या दिवसापासून यांचा पाय माझ्या ताब्यात आला असं मी धरून चालले. घरातली साखर बंद. पाहुण्यांनासुद्धा बिनसाखरेचा चहा, पटला तर प्या. सकाळ माझ्या हातात होती, रात्रही माझ्या हातात होती. मधल्या दुपारचं काय ते बघायचं होतं, म्हणजे डबा.

मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते, जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ. शेजारच्या ऑफिसातली एक मुलगी मला मोबाइलवर दाखवायची, काकू हे बघा, ऑफिसला न्यायचे हेल्दी डबे. काचेच्या बरणीत थरावर थर, लाल, जांभळे, हिरवे. त्यातली निम्मी पानं आमच्या बाजारात कुणी म्हशीलाही घालणार नाही आणि उरलेल्या निम्म्यांना माझा पगार पुरला नसता. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे नागली आहे.

गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात पेठ तालुक्याकडच्या बायका नागली, म्हणजे नाचणी, घेऊन बसतात. तिथून नागली आणायची, निवडायची, दळून आणायची. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते, आणि सुती फडक्यात गुंडाळायची, म्हणजे घाम धरत नाही. सोबत कधी मोड आलेली मटकी, कधी मेथी, कधी शेपू. शेपूला घरात सगळ्यांची नाकं मुरडलेली, पण पेशंटला नाक नसतं. दोडकं केलं की त्याच्या शिरा टाकायच्या नाहीत, तीळ घालून त्यांची कुरकुरीत चटणी करायची. नाही तर खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी होतीच. एक काकडी, चिरल्याशिवाय, कारण चिरलेली पाणी सोडते. स्वस्तात स्वस्त आणि पोटाला चांगलं, यात मी कुणाला हार गेले नसते. थोडा गर्व होता मला त्याचा, आता खोटं कशाला बोलू.

डबे दोन भरायचे. स्टीलचे, एकाच दुकानातून घेतलेले, झाकणांवर आमची नावं कोरलेली. यांच्यात जे, तेच माझ्यात. मला साखर नव्हती, पण दोन स्वयंपाक कोण करणार, आणि शिवाय मला वाटायचं की आपण लावलेलं पथ्य आपणही पाळावं. आमची जेवणाची सुट्टीही एकाच वेळी असायची. वकीलसाहेब जेवायला घरी जायचे. फायली बाजूला सारून मी टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे, डबा उघडायचे आणि पहिला घास तोडताना मनात यायचं, आता तिकडे हेही फडकं सोडत असतील. आज मीठ जरा जास्त पडलंय, त्यांनाही लागलं असेल. आज चटणी जमलीय, त्यांनी डबीत बोट घातलं असेल. लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्ही दोघं शेजारी बसून असं निवांत कधी जेवलो नव्हतो. घरात मी वाढणारी आणि हे जेवणारे. त्यामुळे दुपारचं ते जेवण मला आवडायचं. एकटी बसून जेवायचे, पण एकटी आहे असं वाटायचं नाही.

साखर मात्र उतरेना.

तीन महिन्यांनी करायची ती तपासणी केली, आकडा होता तिथेच. पुढच्या वेळी तर चढलाच. मी सगळ्यांवर संशय घेतला. आधी यांच्यावर. कंपनीत चहा किती पिता, कुणाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला, गेटवरच्या टपरीवर थांबता का. हे शांतपणे म्हणायचे, "डबा रिकामा आणतो ना मी? त्याच्या वर पोटात जागा तरी राहते का?" हे बिनतोड होतं. रिकामा डबा माझ्या हातातच असायचा. मग मी लॅबवर संशय घेतला, लॅब बदलली. डॉक्टरांवर घेतला. शेवटी नागलीवरच घेतला, की हिच्यात कुणी काही मिसळत तर नसेल. भाकरी लहान केली. मग हे म्हणाले, "लहान नको करू. पुरत नाय." पुरत नाही म्हणताहेत म्हणजे आवडीने खातात, असा अर्थ मी काढला आणि पुन्हा मोठी केली. डब्यात एक भाकरी वाढवलीसुद्धा.

अंगठा गेला. ऑपरेशननंतर हे घरी होते तेवढे दिवस साखर सुतासारखी सरळ आली. डॉक्टर खूश. मी डॉक्टरांना म्हटलं, बघा, औषध लागू पडलं. कामावर जायला लागल्यावर पुन्हा चढली. आता हे वाचणाऱ्याला यातलं साधं गणित लगेच दिसेल. मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो चाटूनपुसून आलेला डबा होता, आणि बायकोला त्याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नसतो. माझी आई वडलांची तब्येत डब्यावरून ओळखायची. डबा भरलेलाच परत आला तर माणूस आजारी, रिकामा आला तर माणूस ठणठणीत. मी तेच शिकले होते.

नंतर एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपता संपता, हे स्टोअर्समध्ये कोसळले. छातीत दुखलं नाही, काही नाही. साखरवाल्यांना कधी कधी दुखत नाही म्हणे. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सांगायचं ते कुणाला सांगवत नव्हतं, आणि मला ते कळलेलं होतं.

दिवस होऊन गेल्यावर, घरातली गर्दी पांगली त्या आठवड्यात, यांच्या कंपनीतला एक जण आला. सायखेड्याचा, यांच्यापेक्षा बराच लहान, यांना दादा म्हणणारा. अंत्ययात्रेत मी त्याला पाहिलं होतं पण तेव्हा कोण कुणाशी बोलणार. हातात पिशवी होती. पिशवीतून त्याने यांचा डबा काढला.

"वहिनी, कंपनीतच राहिला होता. त्या दिवशी मीच घरी नेला. धुऊन ठेवला."

मी झाकण उघडलं. जुनी सवय, हात आपोआप गेला. आत साखर होती. पांढरी शुभ्र, तळ झाकेल इतकी.

"रिकामा कसा द्यायचा, म्हणून घरच्यांनी घातली," तो ओशाळून म्हणाला. यात त्याच्या बायकोची काही चूक नव्हती. आम्हीही शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाही, काही नसलं तर मूठभर साखर घालतो. आमच्या घरी साखरेचं काय झालं होतं हे तिला कुठून माहीत असणार.

पहिल्यांदाच आलेला माणूस, त्याला फिका चहा देणं बरं दिसेना. घरात दुसरी साखर नव्हतीच. यांच्या डब्यातली दोन चमचे काढून घातली.

त्याने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "वहिनी, साखरेचा केलात काय? मी सोडली हो. तुमच्यामुळंच सोडली."

"माझ्यामुळे?"

त्याचा चेहरा खुलला. सांगायला म्हणून जे त्याने घरून ठरवून आणलं असेल ते हेच असावं. त्याला शुगर निघाली होती, वडलांचीच आलेली. गोळ्या सुरू होत्या, पण खरा गुण आला तो दादांच्या डब्याने. "तुमच्या हातची नागलीची भाकरी आन् मेथी, मीच संपवायचो जवळजवळ. बाकीचे शेपूला हात नाय लावायचे, तीबी मीच. आता माझी शुगर एकदम नॉर्मल हे, वहिनी. डॉक्टर म्हणला काय खातो? म्हणलं, आमच्या वहिनीचा डबा."

मी विचारलं, "आणि हे काय खायचे?"

"आमच्यात सगळे डबे मधी मांडायचे ना. मग ज्याला जे पाहिजे ते. फक्त आपला डबा आपण नाय खायचा, असं ठरलेलं. त्याच्याशिवाय मजा काय?" तो हसला. "दादा माझ्या डब्यातले बटाटेवडे खायचे. चांदवडवाल्याची आई शिरा देती, तो त्यांचा ठरलेला. सीझनला मी घरून द्राक्षं आणायचो, त्याच्यावर तर दादा..."

"त्यांना साखर होती," मी म्हटलं.

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण तोंड तसंच उघडं राहिलं.

"काय सांगता वहिनी. आम्हाला तर... अंगठ्याचं विचारलं तर म्हणले, पायावर पेटी पडली."

पेटी पडली. मी ते शब्द मनात दोनदा म्हणून बघितले. घरी पंख्याकडे बघत बसणारा माणूस तिथे पेटी पडल्याची गोष्ट रंगवून सांगत असेल. पथ्याचं सांगितलं असतं तर त्या पोरांनी यांना घोळक्यातून उठवलं नसतं, उलट शिऱ्याचा डबा आधी लांब सरकवला असता. पण मग हे दादा राहिले नसते. दुखणेकरी झाले असते, घरी होते तसे. घरी मी यांना दुसरं काही राहूच दिलं नव्हतं, प्रत्येक घासाला आकडा होता. तिथे तेवढा वेळ हे चांगल्या पायाचे होते. हे मला त्याच क्षणी समजलं, आणि समजून काडीचाही उपयोग झाला नाही. मला संताप आला. मेलेल्या माणसाचा इतका संताप येतो हे मला माहीत नव्हतं.

"एक घास तरी?" मी विचारलं. "कधी तरी? चटणी?"

तो खरं बोलणारा मुलगा होता. थोडा वेळ त्याने खरंच आठवून बघितलं.

"नाय वहिनी," तो म्हणाला. "पण डबा पहिला तेच उघडायचे. म्हणायचे, सांडू नका रे, बायको पहाटे उठून करती. डबीत पुरं बोट फिरवून द्या, तिला रिकामा लागतो."

आणि मग तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी त्याच्यासाठी दुसरा चहा टाकला, फिका. त्याला नागली कुठून आणायची ते सांगितलं, उकळत्या पाण्याचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं. तो मान हलवत राहिला. जाताना पाया पडायला वाकला तेव्हा माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. दोन्ही पाय धडधाकट होते. त्याचं बरं व्हावं असंच मला वाटलं, पण लगेच नाही वाटलं. तसं वाटायला थोडा वेळ लागला.

तो गेल्यावर डब्यातली साखर मी मोरीत ओतली आणि वर पाणी सोडलं. यांचा डबा घासून फळीवर ठेवला.

पुढच्या सोमवारपासून मी ऑफिसला जायला लागले. भाकरीचं पीठ तेवढं कमी घेतलं. दुपारी वकीलसाहेब घरी गेले, मी फायली सारल्या, वर्तमानपत्र पसरलं, फडकं सोडलं. नागलीची भाकरी, दोडक्याच्या शिरांची चटणी. पहिला घास तोडताना मनात सवयीने आलंच, की तिकडे आता हेही. मग थांबले. शेजारची ती मुलगी दारातून डोकावली आणि हळूच म्हणाली, "काकू, आता एकट्याने जेवायला जड जात असेल ना? मी येऊन बसू का?"

मी तिला म्हटलं, नको गं, मला सवय आहे.