कुड्याची ओळख

मे महिन्यात घाट चढताना पांढऱ्या फुलांनी भरलेलं एक झाड दिसलं. मी झोळीतलं पुस्तक काढलं, पाकळ्या मोजल्या, चित्राशी ताडून पाहिल्या आणि वहीत खुशीत लिहिलं, ‘कुडा’. शेजारीच एक मावशी तीच फुलं ओच्यात खुडत होत्या.

“कुडाच ना हा?” मी ऐटीत विचारलं.

“हो. भाजी खाल्लीय का कधी याची?”

“नाही.”

“मग वळख कसली?” त्या हसल्या. वरच्या फांद्या त्यांनी शेंगांसाठी तशाच सोडल्या होत्या.

दुपारी त्यांच्या ओसरीवर भाकरीबरोबर ती भाजी खाल्ली. किंचित कडू, आणि भलतीच चवदार. वहीतल्या नावावर तेलकट बोट उमटलं. मावशींचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. ओळख तेवढी झाली.